गेमिंगसाठी प्रोसेसर: तुलना कशी करावी आणि ट्यूनिंग कुठवर करावे?

गेमिंगसाठी डेस्कटॉप संगणक जोडायचा म्हटले की पहिला प्रश्न प्रोसेसरचा येतो. दुकानदार कोअर किती ते सांगतो, खोक्यावर गिगाहर्ट्झ छापलेले असतात आणि मित्राचे म्हणणे असते की आय-नाइनच घ्यावा. मात्र या आकड्यांवरून गेम किती सुरळीत चालेल हे कळत नाही.

एएमडी कंपनीचे दोन प्रोसेसर याचे चांगले उदाहरण आहेत. रायझन ७ ५८००एक्स आणि रायझन ७ ५८००एक्स३डी या दोघांतही ८ कोअर आहेत आणि त्यांची मूळ रचनाही सारखी आहे. ५८००एक्सचा कमाल वेग ४.७ गिगाहर्ट्झ, तर एप्रिल २०२२मध्ये बाजारात आलेल्या ५८००एक्स३डीचा ४.५ गिगाहर्ट्झ. आकडा कमी असूनही बहुतेक गेममध्ये दुसराच पुढे राहिला. कारण त्यातली एल३ कॅशे ३२ ऐवजी ९६ मेगाबाइट आहे. १२ कोअरच्या रायझन ९ ५९००एक्सपेक्षाही तो गेमिंगमध्ये सरासरी १५ टक्के वेगवान असल्याचा दावा खुद्द कंपनीनेच केला होता. याचा अर्थ जास्त कोअर आणि जास्त गिगाहर्ट्झ असलेला महाग प्रोसेसर गेमिंगमध्ये मागे पडू शकतो.

गेम चालताना प्रोसेसर काय करतो?

पडद्यावर दिसणारा गेम म्हणजे एकामागून एक येणारी चित्रे, म्हणजेच फ्रेम. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमसाठी सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. १४४ फ्रेम हव्या असतील तर जेमतेम ६.९ मिलिसेकंद. तेवढ्या वेळात कोण कुठे उभे आहे, गोळी कोणाला लागली, कोणती भिंत कोसळली याचा हिशेब प्रोसेसर करतो आणि काय रेखाटायचे याची यादी ग्राफिक्स कार्डाला देतो. प्रत्यक्ष चित्र ग्राफिक्स कार्ड काढते.

हातकणंगले तालुक्यात ही गोष्ट समजावून सांगायला यंत्रमागाइतके सोपे उदाहरण नाही. इचलकरंजीत सुताला आधी सायझिंगमध्ये खळ लागते, बीम तयार होतो आणि मग तो मागावर चढतो. सायझिंग मागे पडले तर माग थांबून राहतात. अशा वेळी आणखी वेगवान माग आणून कापड वाढत नाही. उलट माग कमी पडत असतील तर बीम नुसते पडून राहतात. संगणकात प्रोसेसर हे सायझिंग आणि ग्राफिक्स कार्ड हा माग. दोघांपैकी जो हळू, त्याच्या वेगाने फ्रेम मिळतात. म्हणून पैसे खर्च करण्याआधी अडते कुठे, हे शोधावे लागते.

अडथळा कोणाचा? घरच्या घरी चाचणी

संगणक आधीच घरात असेल तर ही चाचणी फुकट होते. गेममधील एक ठरावीक जागा निवडावी आणि सेकंदाला किती फ्रेम मिळतात ते लिहून ठेवावे. फ्रेमला घातलेली मर्यादा आणि व्ही-सिंक बंद ठेवावे. मग रिझोल्यूशन १०८० वरून ७२० पर्यंत उतरवून त्याच जागी पुन्हा मोजावे.

फ्रेम बऱ्याच वाढल्या तर ग्राफिक्स कार्ड कमी पडत होते. नवा प्रोसेसर घेऊन फारसा फरक पडणार नाही. फ्रेम जवळपास तेवढ्याच राहिल्या तर प्रोसेसर किंवा रॅम अडवते आहे. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २ यांसारख्या स्पर्धात्मक खेळांत सहसा प्रोसेसर आधी थकतो. सायबरपंक २०७७सारखा गेम उंच सेटिंगवर चालवला की बहुधा ग्राफिक्स कार्डच आधी हात टेकते.

टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा वापर ४० टक्के दिसला म्हणून तो मोकळा आहे, असे समजू नये. ६ कोअर आणि १२ थ्रेडच्या प्रोसेसरमध्ये एक थ्रेड पूर्ण भरला तरी एकूण आकडा सुमारे ८ टक्केच दिसतो. गेमचा मुख्य धागा त्याच एका थ्रेडवर अडकलेला असू शकतो. त्यापेक्षा ग्राफिक्स कार्डाचा वापर पाहावा. तो सतत ९५ टक्क्यांच्या वर असेल तर कार्ड पूर्ण कामाला लागलेले आहे.

कोअर, वेग आणि कॅशे

कोअर वाढले की वेग त्याच प्रमाणात वाढतो, हा समज कुठे खरा ठरतो ते महाराष्ट्रातच दिसले होते. पुण्याच्या सी-डॅकने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१मध्ये परम ८००० हा महासंगणक उभा केला. एकच प्रचंड प्रोसेसर वापरण्याऐवजी अनेक छोटे प्रोसेसर एकत्र जोडून त्यांच्यात काम वाटायचे, ही त्यामागची कल्पना होती. हवामानाच्या गणितासारखे तुकडे पाडता येणारे काम अशा रचनेत उत्तम चालते.

गेमचे काम मात्र पूर्णपणे वाटता येत नाही. खेळाडूने बटण दाबल्याशिवाय शत्रूची पुढची हालचाल ठरत नाही आणि ती ठरल्याशिवाय चित्राची यादी बनत नाही. बरीच कामे एकामागून एकच करावी लागतात. म्हणून फक्त गेमिंगसाठी ६ ते ८ चांगले कोअर बहुतेकांना पुरतात. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये कोअर मोजताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कोअर आय५-१३६००केमध्ये १४ कोअर आहेत, पण त्यांतले ६ वेगवान आणि ८ कमी वीज खाणारे छोटे कोअर आहेत. गेमचा मुख्य भार त्या ६ कोअरवरच असतो.

गिगाहर्ट्झचा आकडाही एकाच पिढीतल्या, एकाच रचनेच्या प्रोसेसरची तुलना करताना उपयोगी पडतो. एका ठोक्यात किती काम होते हे रचनेवर अवलंबून असते, त्यामुळे वेगवेगळ्या पिढ्यांतले ४.५ गिगाहर्ट्झ सारखे नसतात.

कॅशे म्हणजे प्रोसेसरच्या हाताशी असलेली छोटी, अतिशय वेगवान मेमरी. हवी ती माहिती तिथे नसेल तर रॅमपर्यंत जावे लागते आणि तोवर कोअर रिकामा बसतो. गेममध्ये सतत बदलणारी माहिती पुन्हा पुन्हा लागते, म्हणून मोठ्या कॅशेचा फायदा होतो. ५८००एक्स३डीनंतर आलेले ७८००एक्स३डी आणि ९८००एक्स३डी हे प्रोसेसर याच तत्त्वावर बनले आहेत.

चाचण्यांचे आकडे कसे वाचावेत?

इंटरनेटवरच्या प्रोसेसर चाचण्या बहुतेक वेळा अतिशय महाग ग्राफिक्स कार्ड लावून १०८० रिझोल्यूशनवर केल्या जातात. ते योग्यच असते, कारण कार्ड आड आले तर प्रोसेसरमधला फरक दिसणारच नाही. पण त्या तक्त्यात दिसणारा २५ टक्क्यांचा फरक मध्यम किमतीचे कार्ड लावलेल्या घरच्या संगणकावर मिळेलच असे नाही. तिथे तो अगदी नगण्यही होऊ शकतो.

सरासरी फ्रेमबरोबर 'एक टक्का लो' हा आकडाही पाहावा. सर्वांत संथ १ टक्का फ्रेमवरून तो काढतात. सरासरी १२० असून हा आकडा ४५ असेल तर ऐन मोक्याला गेम अडखळतो. सरासरी ११० आणि एक टक्का लो ८५ देणारा प्रोसेसर खेळायला जास्त सुखाचा.

मॉनिटरही हिशेबात धरावा. ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर सेकंदाला २०० फ्रेम देणारा प्रोसेसर लावला तरी पडद्यावर चित्र ६० वेळाच बदलते. प्रतिसाद थोडा लवकर मिळतो इतकेच.

खरेदी: प्रोसेसर एकटा येत नाही

प्रोसेसरसोबत मदरबोर्ड, रॅम आणि कूलरचाही खर्च येतो. ज्याच्याकडे एएम४ सॉकेटचा जुना मदरबोर्ड आहे, त्याला बायोस अपडेट करून त्याच बोर्डावर रायझन ५ ५६०० किंवा एक्स३डी प्रोसेसर बसवता येण्याची शक्यता असते. त्यासाठी मदरबोर्ड कंपनीच्या संकेतस्थळावरील यादी तपासावी. एएम५ किंवा इंटेलच्या नव्या सॉकेटवर जायचे तर मदरबोर्ड बदलावाच लागतो आणि एएम५साठी डीडीआर५ रॅमही लागते.

इंटेलच्या नावातली अक्षरेही वाचावीत. 'एफ' असेल तर प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसते, म्हणजे वेगळ्या कार्डाशिवाय पडद्यावर काहीच दिसणार नाही. 'के' असेल तर वेग वाढवण्याची मुभा असते. मात्र त्यासाठी झेड मालिकेचा महाग मदरबोर्डही लागतो.

कोल्हापूर किंवा इचलकरंजीच्या दुकानातून घ्या किंवा ऑनलाइन मागवा, प्रोसेसर सीलबंद खोक्यातला आहे की 'ट्रे' आहे हे बिलावर स्पष्ट करून घ्यावे. खोक्यातल्या प्रोसेसरला साधारणपणे कंपनीची ३ वर्षांची वॉरंटी असते. ट्रे प्रोसेसर स्वस्त असतो, पण त्याची जबाबदारी विक्रेत्यापुरतीच असते.

ट्यूनिंग: आधी फुकटातले

सर्वांत मोठा फायदा अनेकदा एका सेटिंगमध्ये असतो. ३२०० वेगाची डीडीआर४ रॅम विकत घेतली तरी मदरबोर्ड ती सुरुवातीला २१३३ किंवा २४०० वेगाने चालवतो. बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो प्रोफाइल चालू केले की ती छापील वेगाने चालते. रॅमच्या दोन पट्ट्या योग्य खाचांत बसवल्याने ड्युअल चॅनल मिळते. १६ जीबीची एकच पट्टी घेण्यापेक्षा ८ जीबीच्या दोन घेणे म्हणूनच बरे. विंडोजमध्ये मॉनिटरचा रिफ्रेश रेट ६० वरच राहिलेला नाही ना, तेही पाहावे.

त्यानंतर उष्णता. हवेवर चालणारा कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. खोली २५ अंशांवर असताना प्रोसेसर ७० अंशांवर राहत असेल, तर मे महिन्यात खोली ३८ अंशांवर गेल्यावर तोच प्रोसेसर तेवढ्याच कामाला साधारण ८३ अंशांवर जाईल. मर्यादा गाठली की प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो. ही मर्यादा इंटेलच्या अनेक प्रोसेसरमध्ये १००, तर ७८००एक्स३डीमध्ये ८९ अंश आहे. त्यात माग जवळ असतील तर हवेतला कापसाचा बारीक तंतू हीटसिंकच्या पात्यांत अडकून हवा कोंडते. अशा घरात ठरावीक काळाने फिल्टर आणि हीटसिंक साफ करणे हेच मोठे ट्यूनिंग. पंखे हाताने धरून मगच हवा मारावी.

व्होल्टेज वाढवण्याऐवजी कमी करणे

ओव्हरक्लॉकिंग म्हणजे कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगाने प्रोसेसर चालवणे. आजचे प्रोसेसर मुळातच आपल्या मर्यादेजवळ चालतात. ४.७ गिगाहर्ट्झचे ४.९ केले तरी वाढ जेमतेम ४ टक्क्यांची आणि ग्राफिक्स कार्ड अडवत असेल तर तीही दिसत नाही.

याउलट अंडरव्होल्टिंग उन्हाळ्यात उपयोगी पडते. प्रोसेसरचा चालू कामातला वीजवापर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. वेग तोच ठेवून व्होल्टेज १० टक्के कमी करता आले, तर हा वापर साधारण १९ टक्क्यांनी घटतो. रायझनमध्ये यासाठी कर्व्ह ऑप्टिमायझर असतो. त्यात उणे १०पासून सुरुवात करून थोडे थोडे पुढे जावे. प्रत्येक चिप वेगळी असते, म्हणून दुसऱ्याचा आकडा जसाच्या तसा उचलू नये. इंटेलमध्ये काही मदरबोर्ड वीजमर्यादा ढिली सोडतात. ती कंपनीच्या शिफारशीवर आणून ठेवावी.

एका वेळी एकच सेटिंग बदलावे आणि जुना आकडा वहीत टिपून ठेवावा. जड चाचणी अर्धा तास टिकली म्हणजे काम झाले असे नाही. कमी व्होल्टेजचा दोष अनेकदा संगणक रिकामा असताना किंवा हलक्या कामात दिसतो. काही दिवस रोजचा वापर करून पाहावा. गेम अचानक बंद पडणे, निळा पडदा येणे किंवा विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईए नावाची नोंद होणे ही एक पायरी मागे येण्याची खूण आहे.

व्होल्टेजचा धोका

जास्त व्होल्टेजमुळे काय होते हे अलीकडे दोनदा दिसले. २०२३मध्ये काही रायझन ७०००एक्स३डी प्रोसेसर सॉकेटमध्येच जळाले. त्यानंतर नव्या बायोसमध्ये एसओसी व्होल्टेजला १.३ व्होल्टची मर्यादा घालण्यात आली. २०२४मध्ये इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतले अनेक डेस्कटॉप प्रोसेसर अस्थिर होऊ लागले. प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत असल्याचे समोर आले. इंटेलने ऑगस्ट २०२४पासून सुधारित मायक्रोकोड दिला आणि वॉरंटी २ वर्षांनी वाढवली. नवा मायक्रोकोड पुढचे नुकसान टाळतो. आधी झालेली हानी भरून काढत नाही. म्हणून या पिढीचा जुना प्रोसेसर विकत घेताना विशेष जपावे.

त्यामुळे ट्यूनिंगआधी बायोस अपडेट करणे आवश्यक ठरते. मात्र अपडेट चालू असताना वीज गेली तर मदरबोर्ड पुन्हा सुरूच न होण्याची भीती असते. वादळी पावसाच्या दिवसांत हे काम टाळावे आणि संगणक यूपीएसवर ठेवूनच करावे. यूपीएस खरोखर भार सांभाळतो की संगणक रीस्टार्ट होतो, हे सगळे काम सेव्ह करून आधी एकदा तपासावे.

ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेले नुकसान सहसा वॉरंटीत बसत नाही. एएमडी तर प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्ह चालू करणेही ठरवलेल्या मर्यादेबाहेरचेच मानते.

थोडक्यात

आधी अडथळा शोधावा, मग रॅमचे प्रोफाइल, साफसफाई आणि बायोस नीट करावे. मॉनिटर दाखवू शकतो तितक्या फ्रेम मिळत असतील आणि एक टक्का लो फार खाली जात नसेल, तर तिथे थांबावे. तरीही प्रोसेसरच अडवत असेल, तर आधी आहे त्याच मदरबोर्डावर बसणारा चांगला पर्याय पाहावा. उरलेले पैसे ग्राफिक्स कार्ड, चांगला पॉवर सप्लाय किंवा यूपीएससाठी वापरले तर फरक जास्त दिसतो.