पावलोव्हचे घर
रशियातील स्टालिनग्राड (आताचे व्होल्गोग्राड) येथील चार मजली निवासी इमारत. सप्टेंबर १९४२ मध्ये, स्टालिनग्राडच्या लढाईत, सोव्हिएत सार्जंट याकोव्ह पावलोव्ह याने तीन साथीदारांसह ती काबीज केली. पाठोपाठ मशीनगनची कुमक घेऊन आलेला लेफ्टनंट इव्हान अफानास्येव्ह याच्याकडे नेतृत्व गेले. अंतर्गत भिंतींना भगदाडे पाडून खोल्या जोडण्यात आल्या, पिछाडीच्या गिरणीपर्यंत खंदक खोदला गेला आणि समोर सुरुंग पेरले गेले. जवळ आलेल्या जर्मन रणगाड्यांच्या तोफा वरच्या मजल्यांकडे रोखता येत नसत. तळघरात सामान्य नागरिकही होते, हे वीरकथांत सहसा दडून राहते. सुमारे दोन महिने घर टिकले. ‘सोव्हिएत संघाचा वीर’ हा किताब मात्र १९४५ मध्ये पावलोव्हला मिळाला, अफानास्येव्हला नव्हे.