खेळातला रणगाडा आणि जोडणाऱ्याचा हात

रणगाड्याचा इतिहास म्हटला की सेनापतींची नावे आणि लढायांच्या तारखा आपल्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. मी आज ज्या रणगाड्याविषयी बोलणार आहे तो तळहातावर मावणारा आहे. १९६१ साली इंग्लंडात तो प्लॅस्टिकच्या सुट्या भागांच्या रूपाने पिशवीत मिळू लागला. हौशी माणसांनी तो घरी जोडला, रंगविला आणि टेबलावर लुटुपुटीच्या लढाया खेळल्या. विषय पोरकट वाटेल. परंतु ह्या खेळण्याच्या पोटात एक जुना आणि गंभीर प्रश्न आहे. जे काम कारखान्यात माणसाला नकोसे होते, तेच काम तो घरी पदरचे पैसे मोजून आवडीने का करतो?

प्रथम खऱ्या रणगाड्याकडे पाहू. तो जन्मला लिंकन ह्या गावी, विल्यम फॉस्टर ह्या कंपनीत. ही कंपनी मूळची शेतीची यंत्रे बनविणारी. चिखलातून चालणाऱ्या पट्ट्यांचे ट्रॅक्टर त्या काळी होतेच. त्या कल्पनेवर पोलादी कवच आणि तोफा चढल्या. काम गुप्त राहावे म्हणून, मेसोपोटेमियासाठी पाण्याच्या फिरत्या टाक्या बनत आहेत, अशी बतावणी करण्यात आली, आणि डिसेंबर १९१५ मध्ये ‘टँक’ हेच नाव कायम झाले. योगायोग असा की, त्याच महिन्यात त्याच मेसोपोटेमियात कुत-अल-अमारा येथे सहाव्या पुणे डिव्हिजनला वेढा पडला होता आणि तीत मराठा पलटणी होत्या. टाक्यांची गोष्ट खोटी होती. तिथला आपला शिपाई मात्र खरा होता. १५ सप्टेंबर १९१६ रोजी सोमच्या रणभूमीवर रणगाडा प्रथम लढाईत उतरला. वजन सुमारे २८ टन, आत ८ माणसे, त्यांपैकी चौघे तो नुसता चालविण्यातच गुंतलेले. इंजिन त्याच कोठडीत. धूर, उष्णता आणि कानठळ्या बसविणारा आवाज. त्याला यंत्र म्हणतात, पण आतल्या माणसांना ती भट्टी होती.

टेबलावरच्या लढाईचा इतिहास ह्याहून जुना आहे. प्रशियाच्या सैन्यातील राइसविट्झ ह्या तरुण अधिकाऱ्याने १८२४ साली नकाशा, ठोकळे, फासे आणि पंच यांच्या साहाय्याने अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी युद्धखेळ सिद्ध केला. तो खेळ सामान्य माणसाच्या दिवाणखान्यात आणण्याचे श्रेय मोठ्या अंशी एच. जी. वेल्स ह्या लेखकाकडे जाते. त्याचे ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक १९१३ साली निघाले. खेळातल्या शिशाच्या शिपायांशी तुलना करता खरे युद्ध किती गचाळ आणि महाग असते, हे त्याने शेवटी बजावून ठेवले. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले.

शिशाचे शिपाई मात्र स्वस्त नव्हते. तो खेळ गल्लीतल्या पोरापर्यंत पोहोचविला प्लॅस्टिकने. हंगेरीहून आलेल्या निकोलस कोव्ह नावाच्या निर्वासिताने १९३९ साली एअरफिक्स ही कंपनी काढली. आरंभी ती रबरी खेळणी बनवी, मग इंजेक्शन मोल्डिंगचे यंत्र आणून कंगवे काढू लागली. ह्या यंत्राची रीत आपल्याकडच्या प्लॅस्टिकच्या शेडमध्ये काम करणाऱ्याला सांगावयास नको. दाणा तापवून पातळ करायचा, दाबाने पोलादी साच्यात घालायचा, थंड होताच साचा उघडून माल काढायचा, की पुन्हा तेच. १९४९ साली फर्ग्युसन कंपनीने आपल्या विक्रेत्यांसाठी ट्रॅक्टरच्या छोट्या प्रतिकृती ह्या कारखान्याकडून करवून घेतल्या. म्हणजे खऱ्या रणगाड्याप्रमाणे खेळण्यातल्या रणगाड्याचा वंशही शेतीच्या यंत्रापर्यंत पोहोचतो!

ह्या ट्रॅक्टरचे भाग जोडण्यात मजुरी जाई. तेव्हा तो जोडून देण्याऐवजी सुट्या भागांतच विकावा, ही युक्ती निघाली. १९५२ साली ‘गोल्डन हाइंड’ हे जहाज वुलवर्थच्या दुकानांत दोन शिलिंगांना पिशवीतून विकले गेले आणि धंदा फोफावला. मंडळी, येथे क्षणभर थांबा. मालकाने उत्पादनातला शेवटचा टप्पा गिऱ्हाइकाच्या टेबलावर नेऊन ठेवला. मजुरी वाचली, आणि ज्याने ते काम केले त्याने वर किंमतही मोजली. तरीही तो फसला नव्हता. तो खूश होता.

१९६१ साली ह्याच कंपनीने शेर्मन आणि पँथर हे रणगाडे काढले. प्रमाण एकास शहात्तर. पुढल्याच वर्षी डोनाल्ड फेदरस्टोन ह्यांचे ‘वॉर गेम्स’ हे पुस्तक निघाले. हे गृहस्थ स्वतः दुसऱ्या महायुद्धात रणगाडा दलात होते. आता पट्टी, फासे आणि चार-सहा पिशव्या एवढ्यावर कोणालाही तुकडी उभी करता येऊ लागली. जोडणीला मात्र हाताची शिस्त लागे. भाग रनरपासून ओढून तोडायचे नाहीत, चाकूने कापायचे, कडा घासायच्या, एकेक चाक सरळ बसते की नाही ते पाहायचे. पॉलिस्टायरीनला लागणारे सिमेंट पृष्ठभाग किंचित विरघळवून दोन भाग एकजीव करते, म्हणून ते थोडेच लावायचे. पट्टे पॉलिथिनचे असत, त्यांना हे सिमेंट धरत नसे. तापवलेल्या स्क्रूड्रायव्हरच्या पात्याने टोके दाबून जोडावी लागत. आणि कपाटात ठेवण्याची प्रतिकृती वेगळी, खेळण्याची वेगळी. जो रणगाडा दर आठवड्याला दहा हातांतून जाणार, त्याचे नाजूक भाग टिकत नाहीत. त्याचा सांधा पक्का हवा.

आता गंमत पाहा. एक रणगाडा जोडणे हा छंद. दहा जोडायचे झाले की माणूस आपोआप आधी सर्व चाके, मग सर्व सांगाडे, मग सर्व बुरूज असे काम लावतो. त्याच्या घरातच कारखान्याची ओळ उभी राहते! कंटाळाही येतो. पण ह्या ओळीवर घड्याळ त्याच्या मालकीचे असते. कंटाळा आला तर तो उठून चहा घेतो. वाकडे बसलेले चाक त्याला कोणी दंड न करता तो स्वतःच सरळ करतो. आणि मुख्य म्हणजे सुट्या भागापासून पुऱ्या वस्तूपर्यंतची सगळी वाट त्याच्या डोळ्यांसमोर असते. वस्तू कशासाठी बनते आहे हे त्याला ठाऊक असते. लिंकनच्या कामगाराला तर आपण टाकी बनवतो की रणगाडा, हेही सांगितलेले नव्हते. माणसाला काम नकोसे असते हे म्हणणे खोटे आहे. वेळ, माहिती आणि हेतू काढून घेतलेले काम त्याला नकोसे असते. कामगार संघटना पगाराबरोबर ह्या तिन्ही गोष्टींसाठी भांडते, हे विसरले जाते.

ह्या कथेचा उत्तरार्ध कारखान्यातच घडला. एअरफिक्सने १९७१ साली मेकॅनो ही प्रसिद्ध खेळणी कंपनी घेतली आणि ३० नोव्हेंबर १९७९ रोजी लिव्हरपूलचा तिचा कारखाना फारशी पूर्वसूचना न देता बंद केला. शेकडो लोक बेकार झाले. कामगारांनी कारखान्यात ठाण मांडले, पण तो पुन्हा सुरू झाला नाही. १९८१ साली एअरफिक्सही बुडाली. तिचे साचे मात्र एका मालकाकडून दुसऱ्याकडे गेले. २००६ साली ते नाव हॉर्नबी कंपनीने घेतले आणि जुन्या साच्यांतून मालही निघत राहिला. पोलादाच्या साच्याला गिऱ्हाईक मिळाले. तो चालविणाऱ्या हातांना कोणी विचारले नाही.

तुमच्या घरातले मूल असा संच घेऊन बसले तर त्याला युद्धखोर समजून हटकू नका. चाक सरळ बसवू द्या. बुरूज चिकटवण्यापूर्वी मात्र त्याला एकदा आत डोकावायला सांगा. आत जागा रिकामी असते. तिथे पाच माणसे होती, हे त्याला सांगा, आणि ती पोलादी कोठडी ठोकणारे हात कोणाचे होते तेही सांगा.