न जळणारं सर्किट

१९२०च्या दशकात अमेरिकेत घरच्या घरी रेडिओ जुळवण्याचं वेड पसरलं, तेव्हा हौशी मंडळींची पहिली धाड पडायची ती स्वयंपाकघरावर. पाव कापायची लाकडी फळी, म्हणजे ब्रेडबोर्ड, उचलायची, तिच्यावर खिळे ठोकायचे, पितळी स्क्रू पिळायचे आणि त्यांना तारा गुंडाळून सर्किट उभं करायचं. बॅटरीची एखादी तार भलतीकडे जोडली गेली, की व्हॉल्व्हची फिलामेंट जळाली आणि पैसे पाण्यात गेले.

दुसऱ्या महायुद्धानंतर हा छंद बराच आवाक्यात आला. लष्करानं उरवलेले सुटे भाग कवडीमोलानं विकले जात होते. हीथ कंपनीनं ते वापरून १९४७ मध्ये साधारण ५० डॉलरला ऑसिलोस्कोपचा संच काढला. जोडायचा मात्र ज्याचा त्यानं. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला भोकांचा प्लास्टिकचा ब्रेडबोर्ड आला. भोकात सुट्या भागाचा पाय खोचला की आतला धातूचा चाप तो धरून ठेवतो. सोल्डरिंग नको, आणि चुकलं तर उपसून पुन्हा लावायचं.

त्याच सुमारास, १९७२ मध्ये, ५५५ हा आठ पायांचा टायमर आयसी (इंटिग्रेटेड सर्किट) बाजारात आला. सिग्नेटिक्स कंपनीसाठी तो आखणारे हान्स कामेनझिंद यांनी आधी सुटे भाग जोडून सर्किट तपासलं आणि मग आयसीचा आराखडा स्वतःच्या हातानं, चाकूनं कापून काढला. आज असंख्य मुलांचा पहिला एलईडी याच आयसीवर लुकलुकतो.

पण आयसी बनवणाऱ्यांना ब्रेडबोर्ड पुरेना. सिलिकॉनच्या एकाच तुकड्यावर शेजारीशेजारी बसलेले ट्रान्झिस्टर सुट्या ट्रान्झिस्टरांसारखे वागत नाहीत, आणि एक चूक म्हणजे आराखड्यापासून पुन्हा सगळा खर्च. त्यावर तोड निघाली ती बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात. तिथे रॉन रोहरर यांनी वर्गाला सर्किटचं गणित सोडवणारा प्रोग्रॅम लिहायला सांगितलं. अट अशी, की तो तिथलेच प्राध्यापक डोनाल्ड पेडरसन यांच्या पसंतीला उतरला तर सगळे पास, नाहीतर सगळे नापास! तेव्हाचे असे बरेच प्रोग्रॅम अमेरिकी संरक्षण खात्याच्या पैशावर चालत. किरणोत्सारात सर्किट टिकेल का, हे त्या प्रोग्रॅमना पाहावं लागे. बर्कलीच्या मुलांनी तेवढा भाग मुद्दाम वगळला.

त्याच वर्गातल्या लॉरेन्स नेगल यांनी पुढे पेडरसन यांच्या हाताखाली हा प्रोग्रॅम नव्यानं लिहिला. १९७३ मध्ये कॅनडातल्या एका परिषदेत तो ‘स्पाइस’ या नावानं मांडला गेला. पेडरसन यांचा आग्रह होता, की प्रोग्रॅमवर कुणाची मालकी नको. त्यामुळे तो कंपन्यांत आणि कॉलेजांत पोचला, आणि ज्यांनी नेला त्यांनी सापडलेल्या चुका बर्कलीला कळवल्या. सुरुवातीला त्याला पंच केलेली कार्डं भरवावी लागत. १९८४ मध्ये ‘पीस्पाइस’ या आवृत्तीमुळे तो पीसीवर आला.

आता हे काम ब्राउझरमध्ये होतं. पॉल फॉलस्टॅड यांच्या सिम्युलेटरमध्ये विद्युतप्रवाह पिवळ्या ठिपक्यांच्या रूपात तारेतून सरकताना दिसतो. ‘टिंकरकॅड’ या वेबसाइटवर रेझिस्टरविना एलईडी थेट ९ व्होल्टच्या बॅटरीला जोडला, तर पडद्यावर स्फोटाची खूण उमटते आणि खिशाला काहीच चाट बसत नाही.

तरीही ब्रेडबोर्ड अडगळीत टाकण्याजोगा नाही. ५५५ला १० आणि ६८ किलोओहमचे रेझिस्टर आणि १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला, तर हिशेबानं एलईडी सेकंदाला जवळपास एकदा लुकलुकतो. सिम्युलेटर तेच दाखवतो. टेबलावर मात्र हा वेग थोडा मागेपुढे होतो, कारण बाजारातल्या साध्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या धारितेत २० टक्क्यांपर्यंत फरक चालवून घेतला जातो.

बर्कलीच्या त्या खुल्या परंपरेचा एक धागा मुंबईतही आहे. आयआयटी मुंबईच्या ‘फॉसी’ प्रकल्पानं तयार केलेलं ‘ई-सिम’ हे मोफत सॉफ्टवेअर स्पाइसच्याच वंशातल्या ‘एनजीस्पाइस’वर चालतं. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत सुटे भाग घ्यायला जाण्याआधी सर्किट त्यात एकदा चालवून पाहावं. आणि तिथे चाललं, तरी भाग आणून ते हातानं जोडायचं टाळू नये.