उपास, उपासमार आणि मोसंबीचा रस

सध्या आमच्या ऑफिसात 'ज्यूस क्लीन्स'ची साथ आलीय. शुक्रवारी रात्री शेवटचं जेवण, मग शनिवार-रविवार-सोमवार फक्त घरी काढलेले रस. सकाळी दुधी, दुपारी गाजर-बीट, संध्याकाळी मोसंबी. तीन दिवसांत म्हणे शरीरातली सगळी 'टॉक्सिन्स' बाहेर! हे लोण बीड जिल्ह्यात पोचलंय हे मात्र मला गेवराईच्या काकांच्या फोनमुळे कळलं. "तीन दिस नुसता रस प्यायचा, शुगर मुळापासून जाती म्हणत्यात. मोसंबी तर आपल्या रानातलीच हाय. करू का रे?"

काकांना कित्येक वर्षं शुगरची गोळी चालू आहे. मी म्हटलं, डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही करू नका, तोवर मीही वाचतो. वाचायला बसलो आरोग्यावरचं, आणि हाती लागला इतिहास. (आमचं नेहमीचंच!)

सुरुवात आपल्याच घरापासून. लंघन आपल्याला नवीन नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात लंघनाचे दहा प्रकार दिलेत. त्यात उपवास आहे, तहान सोसणं आहे, व्यायाम आहे, उन्हावाऱ्यात राहणंसुद्धा आहे. पण लंघन कुणाला द्यायचं आणि कुणाला अजिबात नाही, यावर तिथे बराच भर आहे. सगळ्यांना एकच फॉर्म्युला, हा प्रकार तिथे नाही.

मग आपले धार्मिक उपास. एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण उगीच आली नाही. गंमत अशी, की उपासाचं म्हणून आपण जे खातो त्यातलं बरंचसं परदेशी. बटाटा, शेंगदाणा, रताळं आणि मिरची अमेरिका खंडातून पोर्तुगीजांच्या काळात आली. साबुदाणा ज्याच्यापासून करतात तो टॅपिओकाचा कंदही तिकडचाच. तमिळनाडूतल्या सेलमकडे साबुदाण्याचे कारखाने १९४०च्या दशकात सुरू झाले. आणि मोसंबी? तिचं नावच मोझांबिकवरून आलं असं मानतात. म्हणजे आजीच्या ताटातला फराळ आणि काकांच्या रानातली मोसंबी, दोन्ही समुद्रापलीकडून आलेले पाहुणे.

पण रस पिऊन राहायचं हे कुठून आलं? मला सापडलेला सगळ्यात ठळक प्रसंग पुण्यातला आहे. १० फेब्रुवारी १९४३ रोजी आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असलेल्या गांधीजींनी २१ दिवसांचा उपास सुरू केला. वय ७३. हा आमरण उपास नव्हता. झेपेल तेवढाच करायचा, आणि नुसतं पाणी जात नाही म्हणून त्यात लिंबूवर्गातल्या फळाचा रस घालायची मुभा त्यांनी आधीच ठेवली होती. इकडे १७ फेब्रुवारीला व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातून तिघांनी राजीनामे दिले: होमी मोदी, नलिनी रंजन सरकार आणि आपले यवतमाळचे लोकनायक बापूजी अणे. उपासाच्या मध्यावर प्रकृती फारच ढासळली. मळमळीमुळे पाणीही जाईना. डॉ. बिधानचंद्र रॉय, डॉ. गिल्डर, डॉ. सुशीला नय्यर उशाशी होते. तेव्हा पाण्यात थोडा मोसंबीचा रस घातला आणि पाणी पोटात जायला लागलं. ३ मार्चला संत्र्याचा रस घेऊन उपास सुटला.

इथे रसाचं काम काय होतं ते बघा. शरीर 'धुऊन काढायला' तो घेतला नव्हता. माणूस जिवंत राहावा, पाणी पोटात टिकावं, एवढंच. त्याच कैदेत, उपासाच्या आदल्या वर्षी, ऑगस्ट ते डिसेंबर १९४२मध्ये गांधीजींनी आरोग्यावरचं आपलं छोटं पुस्तक लिहून काढलं होतं. निसर्गोपचाराचं त्यांचं वेड दक्षिण आफ्रिकेपासूनचं. कूने आणि अडॉल्फ युस्ट या जर्मन लेखकांची पुस्तकं वाचून मातीचे लेप आणि पाण्याचे उपचार त्यांनी स्वतःवर आणि घरच्यांवर करून पाहिले होते.

सुटकेनंतर ते पुण्यात डॉ. दिनशा मेहतांच्या निसर्गोपचार केंद्रात अनेकदा राहिले. ती जागा म्हणजे ताडीवाला रोडवरचं आजचं बापू भवन. पण तिथे येणारे बहुतेक पैसेवाले होते, हे त्यांना खटकलं. हा उपचार गरिबाला परवडला पाहिजे, म्हणून ते मार्च १९४६मध्ये उरुळीकांचनला गेले, आठवडाभर राहिले आणि आश्रमाची सुरुवात करून दिली. पुढे मणिभाई देसाईंनी आयुष्य तिथेच काढलं. आज ज्यूसच्या सहा बाटल्यांचा खोका घरपोच मागवताना हा प्रवास उलटा झाल्यासारखा वाटतो.

आता 'टॉक्सिन्स'कडे येऊ. ही कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी युरोपात फोफावली. आतड्यात अन्न सडतं, त्याचं विष रक्तात जातं आणि सगळे रोग त्यातून होतात, असा सिद्धांत होता. लंडनचे नामवंत सर्जन आर्बथनॉट लेन तर बद्धकोष्ठाच्या रोग्यांचं मोठं आतडंच काढून टाकायचे! १९१९मध्ये वॉल्टर अल्व्हारेझ या अमेरिकन डॉक्टरने दाखवलं, की डोकेदुखी, मरगळ ही लक्षणं विषामुळे नाही, तर आतडं ताणलं गेल्यामुळे येतात. डॉक्टरांनी तो सिद्धांत हळूहळू सोडला. लोकांनी नाही सोडला. १९३६मध्ये नॉर्मन वॉकर यांचं कच्च्या भाज्यांच्या रसावरचं पुस्तक आलं. १९७६मध्ये स्टॅन्ली बरोज यांनी लिंबू, मेपल सिरप आणि तिखटाच्या पाण्यावर पुस्तक काढलं. २००६मध्ये गायिका बियॉन्से हिने सिनेमासाठी ते पाणी पिऊन वजन उतरवलं आणि ते जगभर झालं. २००९मध्ये ब्रिटनमधल्या काही तरुण शास्त्रज्ञांनी डिटॉक्सची उत्पादनं विकणाऱ्या कंपन्यांना एकच साधा प्रश्न विचारला: डिटॉक्स म्हणजे नेमकं काय? दोन कंपन्यांची उत्तरंसुद्धा जुळेनात.

मग तीन दिवसांत वजन उतरतं ते काय? यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन म्हणून साखर साठवलेली असते आणि प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं. पोटभर खाणं थांबलं की हा साठा घटतो, पाणी निघून जातं, काटा खाली येतो. पुन्हा भाकरी सुरू केली की पाणी परत येतं. विष बाहेर टाकायचं काम यकृत आणि मूत्रपिंड रोजच करतात, लाँग वीकेंडची वाट न बघता.

घरच्या रसात दोन गोष्टींची खरी भीती आहे. पहिली दुधीची. २०१०मध्ये दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा कडू दुधीचा रस प्यायल्यावर मृत्यू झाला. त्यानंतर आयसीएमआरच्या तज्ज्ञ समितीने सांगितलं, की आधी छोटा तुकडा चाखा, कडू लागला तर फेकून द्या, आणि रस प्यायल्यावर उलटी-जुलाब झाले तर लगेच दवाखाना गाठा. दुसरी भीती आमच्या काकांसारख्यांची. चोथा काढला की मोसंबीची साखर रक्तात भराभर चढते, आणि जेवण बंद ठेवून गोळी चालू ठेवली तर मध्येच धोकादायकरीत्या उतरूही शकते. काकांच्या डॉक्टरांनी अर्ध्या मिनिटात "नाही" म्हणून सांगितलं. काका थोडे नाराज झाले, पण ऐकलं.

पण खरं सांगायचं तर बीडकडून बघताना मला हा विषय वेगळाच दिसायला लागला. आमच्याकडे उपास आणि उपासमार हे शब्द शेजारी-शेजारी राहतात. १९७२च्या दुष्काळात आमच्या भागातली माणसं खडी फोडायला आणि पाझर तलावांच्या कामावर गेली. सुकडी आणि अमेरिकेहून आलेली लाल मिलो खाऊन जगली. त्यातूनच पुढे रोजगार हमीचा कायदा झाला. २०१२-१३च्या दुष्काळात जालन्यात आणि आसपास मोसंबीच्या बागाच्या बागा वाळल्या. टँकरने पाणी घालून जगवलेल्या झाडांची ही फळं. आणि उसाचा रस म्हणाल, तर दिवाळीच्या आगेमागे बीडहून हजारो कुटुंबं कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात. त्यांना पोट 'रिकामं ठेवायला' कुणी शिकवावं लागत नाही.

या भागात उपास हे हत्यारही आहे. मूळचे बीड जिल्ह्यातल्या मातोरीचे मनोज जरांगे यांनी २९ ऑगस्ट २०२३ला गोदावरीपलीकडच्या आंतरवाली सराटीत मराठा आरक्षणासाठी उपोषण सुरू केलं. १४ सप्टेंबरला तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्या हातून रस घेऊन ते थांबवलं. त्याआधी २८ ऑगस्ट २०११ला रामलीला मैदानावर अण्णा हजारेंनी दोन लहान मुलींच्या हातून नारळपाणी आणि मध घेतला होता. आपल्या इतिहासात रसाचा पेला उपासाच्या शेवटी येतो, आणि बहुतेक वेळा दुसऱ्याच्या हातून येतो. देणारा कोण, हे सुद्धा तितकंच महत्त्वाचं असतं. क्लीन्समध्ये तोच पेला पहिल्या दिवशी आपला आपणच भरून घ्यायचा, आणि समोर कुणीच नसतं.

असो. धडधाकट माणसाने एक दिवस हलकं खाल्लं तर बिघडत नाही, एकादशी करणारे शतकानुशतकं तेच करत आलेत. पण द्वादशीला पारणं असतं हे विसरू नका. आणि मोसंबी सोलून खा हो, चोथ्यासकट. ती पिकवायला पाणी लागलंय, वाया कशाला घालवायची?