कपाळावरच्या ठिपक्याची कुळकथा

कपाळाचं हाड आतल्या बाजूनं जाड होतं, हे इटलीतल्या मोर्गान्यी या डॉक्टरनं १७१९ सालीच लिहून ठेवलंय. पाळी गेलेल्या बायकांत ते बऱ्यापैकी आढळतं आणि सहसा त्रास देत नाही. त्याची धास्ती सुरू झाली बोन स्कॅन आल्यावर.

टेक्नेशियम १९३७ मध्ये सापडलं. १९७१ मध्ये अमेरिकेत सुब्रमण्यन आणि मॅकअफी यांनी त्याचा किरणोत्सारी प्रकार फॉस्फेटच्या संयुगाला जोडला आणि हाडांचा स्कॅन सोपा झाला. शिरेत इंजेक्शन, दोन-तीन तास भरपूर पाणी पीत थांबायचं, मग लघवी करून गॅमा कॅमेऱ्याखाली निजायचं. नवं हाड घडतं तिथे औषध जास्त साठतं आणि काळा ठिपका उमटतो; जाड झालेल्या कपाळावरही.

मुंबईत परळला अणुऊर्जा खात्याचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ मध्ये सुरू झालं. शेजारीच टाटा रुग्णालय. अलिबागचे रुग्ण मांडव्याच्या लाँचनं, नाही तर पेणवरून एसटीनं तिकडे जातात. स्तनाच्या कॅन्सरवर उपचार झालेल्या बाईच्या कपाळावर ठिपका दिसला, की घरच्यांच्या मनात एकच प्रश्न: पसरला का? ठिपका जागा सांगतो, कारण सांगत नाही. रात्री समुद्रात दिवा दिसावा, पण होडी कुणाची ते कळू नये, तशी ही गत.

कारण शोधायची दोन साधनं वेगवेगळी वाढली. कुल आणि एडवर्ड्स यांनी १९६३ मध्ये किरणोत्साराचं थराथरानं चित्र काढलं; त्यातूनच पुढे स्पेक्ट आलं. हाउन्सफील्डच्या सीटीनं १९७१ मध्ये पहिल्या रुग्णाचा मेंदू दाखवला. पण दोन यंत्रांवर रुग्ण दोनदा झोपला, की मान जराशी वळते आणि चित्रं जुळत नाहीत. कॅलिफोर्नियात ब्रूस हासेगावा यांनी १९९० च्या सुमारास दोन्ही तपासण्या एकाच टेबलावर आणल्या. १९९९ मध्ये असं स्पेक्ट-सीटी यंत्र बाजारात आलं.

आता ठिपक्याखालचं हाडच दिसतं. आतला थर दोन्ही बाजूंना जाड आणि उंचसखल, बाहेरचा गुळगुळीत, मधली रेघ मोकळी, असं दिसलं तर ती मोर्गान्यीची जुनी जाडी. हाड कुरतडलेलं दिसलं, तर मात्र कॅन्सरचा संशय बळावतो. सगळंच इतकं सरळ नसतं. मज्जेतली अगदी सुरुवातीची गाठ सीटीला दिसत नाही. तेव्हा एमआरआय, क्वचित बायोप्सी लागते.

म्हणून स्कॅनला जाताना डोक्याचा जुना सीटी असेल तर तो न्यावा आणि मार लागला असेल, दाढ काढली असेल तर आधीच सांगावं. तीच जाडी पाच वर्षांपूर्वीच्या फिल्मवरही तशीच असेल, तर बहुतेक वेळा पुढच्या तपासण्यांची गरज उरत नाही.