पोढी: पावसाच्या वाटेवरचं टाकं

शाळेत पाढे म्हणताना आपण दोनाला बे म्हणायचो. व्यवहारात दोन, पाढ्यात बे, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. हा 'बे' मला पुन्हा भेटला तो जुन्नरच्या लेण्यांतल्या एका ब्राह्मी लेखात. इरिल नावाच्या एका यवनाने 'बे पोढियो' दान दिल्या, इतकाच त्या लेखाचा मजकूर. बे पोढियो, म्हणजे दोन पोढ्या. परमुलखातून आलेल्या घराण्यातला हा माणूस सातवाहनांच्या काळात जुन्नरला स्थिरावला, इथल्या भाषेत बोलला आणि इथल्या डोंगरात पाण्याची सोय करून गेला. त्याच्या ओळीतला बे पोरांच्या पाढ्यांनी सांभाळून ठेवला. पोढी मात्र आपल्या रोजच्या बोलण्यातून गेली.

पोढी म्हणजे कातळात खोदलेलं पावसाच्या पाण्याचं टाकं. सह्याद्रीत हिंडणारी आणि लेण्यांचा अभ्यास करणारी मंडळी हा शब्द आजही वापरतात. जुन्या लेखांत तो जागोजागी आहे. नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरात, म्हणजे आपल्या पांडवलेण्यांत, क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात सांगतो की हे लेणं करवलं आणि या पोढ्याही करवल्या. नाणेघाटात सोपाऱ्याच्या गोविंददासाच्या नावाची पोढी आहे. कान्हेरीला कल्याणचा सोनार सामिदत्त 'पाणियपोढी' देतो. उषवदाताच्या लेखात लेणं आणि पोढी एका दमात येतात, हे मला फार मोलाचं वाटतं. राहायची जागा आणि पाणी ही दोन वेगळी कामं असतात, एक आज करायचं आणि दुसरं नंतर बघायचं, असं त्या लोकांच्या डोक्यातच नव्हतं.

कान्हेरीच्या एका टाक्यावर तर इतिहासातली मोठी सोयरीक कोरलेली आहे. हे टाकं शतेरक नावाच्या अमात्याने दिलं. लेख संस्कृतात आहे आणि टाक्याला तिथे 'पानीयभाजन' म्हटलं आहे. त्यात एका राणीचा उल्लेख येतो: वासिष्ठीपुत्र सातकर्णीची पत्नी, कार्दमक राजवंशात जन्मलेली, महाक्षत्रपाची कन्या. बापाच्या नावातलं 'रु' एवढंच अक्षर उरलं आहे आणि अभ्यासक ते रुद्रदामन असं वाचतात. सातवाहन आणि क्षत्रप हे एकमेकांचे हाडवैरी. तिकडे गिरनारच्या पायथ्याशी इ. स. १५० मधला रुद्रदामनाचा लेख आहे. दक्षिणापथाच्या सातकर्णीला दोनदा हरवलं, पण जवळचं नातं म्हणून त्याचा समूळ नाश केला नाही, असं तो सांगतो. आता गंमत पाहा, तो गिरनारचा लेख कशासाठी कोरला? वादळात फुटलेल्या सुदर्शन तलावाचा बांध पुन्हा बांधला, त्यासाठी. दोन घराण्यांच्या या नात्याच्या दोन्ही खुणा पाण्याच्या कामावर लिहिलेल्या सापडतात. राजेलोकांना आपलं नाव टिकावं असं वाटे तेव्हा ते कुठे कोरावं, हे त्यांना चांगलं कळत होतं.

माझी मुलगी वास्तुरचना शिकते. या वर्षी त्यांना निसर्गाकडून शिकून केलेल्या इमारतींचा अभ्यास आहे. तिने पहिलं उदाहरण घेतलं झिंबाब्वेतल्या हरारे शहरातलं, १९९६ साली पुरी झालेली ईस्टगेट ही इमारत. मिक पिअर्स या वास्तुविशारदाने वारुळातली हवा कशी खेळते ते पाहून तिची रचना केली. रात्रीचा गारवा जाड भिंतींत साठवायचा आणि दिवसा तापलेली हवा उंच धुराड्यांतून वर सोडून द्यायची. काम उत्तम आहे, त्यात शंका नाही. पण तिचा कागद बघताना मला वाटलं, हिने वारूळ पाहिलंय का कधी? आणि पाहिलं तरी हरारेची हवा हिच्या अंगाला कशी लागणार?

म्हटलं, "अगं, उदाहरण आपल्या खिडकीतून दिसतंय."

"कुठे?"

"त्या डोंगराच्या पलीकडे."

मुंबईत आमच्या नाहूरला राहणाऱ्यांना पश्चिमेचा डोंगर सवयीचा असतो. पूर्वेला मिठागरं आणि खाडी, पश्चिमेला डोंगर, मधोमध मध्य रेल्वेचे रूळ. जूनमध्ये ढग आधी त्या डोंगरावर टेकतात आणि मग आमच्याकडे उतरतात. सरळ रेषेत मोजलं तर कान्हेरी इथून सात-आठ किलोमीटर. मध्ये तुळशी आणि विहार तलाव आणि जंगल, त्यामुळे जायचं ते वळसा घालून, बोरिवलीच्या फाटकातून. लेणी राष्ट्रीय उद्यानात आहेत आणि ते सोमवारी बंद असतं, म्हणून आम्ही जुलैतल्या एका बुधवारी गेलो.

कान्हेरी म्हणजे कण्हगिरी, कृष्णगिरी, काळा डोंगर. हजारेक वर्षं इथे खोदकाम आणि वस्ती चालू होती आणि शंभरावर लेणी आहेत. बहुतेक माणसं तिसऱ्या लेण्यातल्या चैत्यापाशी आणि उंच बुद्धमूर्तींपाशी थांबतात. त्या चैत्यातल्या लेखात कारागिरांचाही उल्लेख आहे. 'सेलवढकी' असा शब्द तिथे येतो, म्हणजे शैलवर्धकी, डोंगरातले गवंडी म्हणा ना. आम्ही मात्र पायऱ्या चढून वर गेलो आणि उघड्या कातळावर बसून राहिलो, सर येईपर्यंत.

सर आली. सुरुवातीला सगळा उतार एकसारखा ओला झाला, काहीच कळेना. मग हळूहळू पाण्याच्या वाटा दिसू लागल्या. माझ्या चपलेजवळून एक बोटभर धार निघाली होती. नीट पाहिलं तर ती एका पन्हळीतून वाहत होती, कातळात कोरलेल्या उथळ पन्हळीतून. एरवी कोरड्या दिवशी ती रेघ आहे हेसुद्धा कळलं नसतं. ती सरळ खाली जात नव्हती. उताराला तिरकी धरून, लेण्याच्या दर्शनी भागाला बगल देत ती बाजूला वळली, दुसरी एक धार तिला येऊन मिळाली आणि दोघी मिळून लेण्याच्या अंगणाशेजारच्या कोनाड्यात उतरल्या. तिथे टाकं होतं. तोंड चौकोनी, हातभर-दीड हात रुंद. आत वाकून पाहिलं तर खाली पोट मोठं, काळोखात पसरलेलं. तोंडाच्या कडेला झाकण बसवायची खाच. भिंतीवर छिन्नीचे तिरपे ओरखडे, एकमेकांना समांतर, तेव्हाचा हात अजून ओळखू यावा असे.

मुलगी बराच वेळ त्या तोंडाशी बसली होती. मग म्हणाली, "आई, यांनी आधी पाऊस पाहिला असणार. एक पावसाळा पुरला नसेल."

हे मला पटलं. कातळात चूक दुरुस्त करता येत नाही. विटेची भिंत पाडून पुन्हा बांधता येते, खोदलेला दगड परत भरता येत नाही. म्हणून पाणी कुठून येतं, कुठे वळतं, कुठे थबकतं, हे आधी पाहावं लागतं. डोंगराला आपल्या वाटा असतातच. कारागिराने त्या थोड्या खोल केल्या, एखादी वळवली आणि जिथे पाणी आपसूक जमत होतं तिथे त्याला खोली दिली. निघोजला कुकडीच्या पात्रात पाण्याने स्वतः कोरलेले रांजणखळगे आहेत, तोंड लहान आणि आत घेर मोठा. असा एखादा खळगा चैत्रात पाणी धरून असलेला कुणीतरी पाहिला असेल आणि तिथून पहिल्या पोढीची कल्पना सुचली असेल, असं मला मनापासून वाटतं. लहान तोंडामुळे ऊन आत शिरत नाही, पाणी उडून जात नाही, शेवाळ धरत नाही.

तिने वहीत गणित मांडलं. एक चौरस मीटर कातळावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. मुंबईत पावसाळ्यात २,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. शंभर चौरस मीटरचा उतार धरला तर दोन लाख लिटर. निम्मं वाहून गेलं असं समजा, तरी एक लाख. एका लेण्याच्या आसऱ्याने बारा भिक्षू राहतात आणि माणशी रोज दहा लिटर पाणी लागतं असं धरलं, तर कोरड्या आठ महिन्यांत जेमतेम २९,००० लिटर. तीन मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि साडेतीन मीटर खोल असं एक टाकं तेवढ्याला पुरून उरतं. भिक्षूंची संख्या तिने मनाने धरली होती, पण पावसाचा आकडा खरा आहे.

पोढीचा वंश पुढे गडांवर वाढला. शिवनेरीवर गंगा-जमुना टाकी आहेत, रायगडावर टाकी आहेत, आणि साधा चढाईचा किल्ला असला तरी माथ्यावर कातळटाकं सापडतंच. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त दुर्गाचं प्रकरण आहे. गडाआधी पाणी पाहावं, नसेल तर खडक फोडून टाकी करावीत, असं ते बजावतात. एका झऱ्यावर विसंबून राहू नये, कारण लढाईत तोफांच्या आवाजाने झरे आटतात, हेही सांगतात. एव्हाना बोलण्यात पोढी मागे पडून टाकं रुळलं होतं. हा शब्दही मला आवडतो. पाथरवटाची टाकी म्हणजे छिन्नी, आणि कातळातलं पाणी म्हणजे टाकं. लोखंड आणि पाणी कानाला एका घरातले वाटतात. इंग्रजीतल्या 'टँक' या शब्दाच्या घडणीत पोर्तुगीज शब्दाबरोबर आपल्या टाक्याचा आणि गुजराती टांक्याचाही हात असल्याचं कोशकार सांगतात. गच्चीवरची प्लास्टिकची काळी टाकी भरली की आपण 'टँक भरला' म्हणतो, तेव्हा तो शब्द फिरून घरी आलेला असतो.

इंग्रजांनीही मुंबईसाठी पाणी शोधलं ते याच डोंगरात. १८६० मध्ये विहार तलाव पुरा झाला, १८७९ मध्ये तुळशी. लेण्यांतल्या माणसांनी जो पाऊस टाक्यांत धरला तोच आता शहराला मिळू लागला. शहर वाढलं, ते पाणी पुरेना, मग तानसा, वैतरणा, भातसा असं लांब लांब जावं लागलं. आज शहाड-आसनगावच्याही पलीकडचं पाणी आमच्या शेजारी भांडुपच्या संकुलात येऊन शुद्ध होतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. विहार आणि पवई तलाव ओसंडले की मिठी नदीला पाणी येतं, ती मिठी त्या दिवशी घराघरांत शिरली. पाणी शंभर किलोमीटरवरून आणायचं आणि डोक्यावर पडलेलं गटारात सोडायचं, याचं मला मनापासून दुःख होतं. २००२ पासून मुंबईत मोठ्या भूखंडावरच्या नव्या इमारतींना पावसाचं पाणी साठवणं सक्तीचं झालं, ते फार बरं झालं.

आमच्या सोसायटीतही तसा खड्डा आहे. झाकणासकट, नियमाप्रमाणे. ठेकेदाराने तो मागच्या भिंतीशी घेतला, कारण गाड्या लावून झाल्यावर तेवढीच जागा उरली होती. अंगणाचा उतार मात्र पुढच्या फाटकाकडे. दर पावसाळ्यात गच्चीच्या एका नळाचं पाणी खड्ड्यात जातं आणि अंगणभरचं पाणी फाटकातून रस्त्यावर. इतकी वर्षं मी ते पाणी ओलांडून भाजीला जात होते, पण पाहिलं कधी नव्हतं.

कान्हेरीहून आल्यानंतरच्या रविवारी मुलीने खालच्या पोरांना गोळा केलं. सर ओसरली की पाण्याच्या कडेने खडूने रेघ मारायची, असं ठरलं. पहिल्या रेघा पुढच्या सरीने पुसल्या, मग पोरांनी विटेचे तुकडे आणले. तिसऱ्या सरीपर्यंत अंगणात झाडाच्या फांद्यांसारखं काहीतरी उमटलं होतं. सोसायटीचे सेक्रेटरी छत्री घेऊन खाली आले.

"काय चाललंय गं?"

"काका, पाणी कुठे जातं ते बघतोय."

ते थोडा वेळ आमच्याबरोबर उभे राहिले. मग छत्रीच्या टोकाने फाटकाशेजारचं जांभळाचं झाड दाखवत म्हणाले, "तिथे बघ. दरवर्षी साचतं. मी राहायला आलो तेव्हापासून." आणि जांभळाखालची आपली स्कूटर काढून त्यांनी बाजूला लावली, म्हणजे पोरांना तिथली रेघ पुरी करता यावी.