वाळवंटातील झुलता पूल

अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात, युमा शहराच्या पूर्वेस गिला नदीवर मॅकफॉल पूल नावाचा एक झुलता पूल आहे. एकूण लांबी १,१८४ फूट. त्यातील मधला गाळा ७९८ फुटांचा. १९२९ साली बांधलेला हा पूल १९६८ पासून वाहतुकीस बंद आहे. आज त्याखाली बहुतांशी वाळूच दिसते.

मग एवढा मोठा पूल बांधलाच कशाला? प्रशासनाच्या दृष्टीने याचे उत्तर उद्बोधक आहे. याच नदीवर अँटिलोप हिल येथे १९१५ साली कैद्यांच्या श्रमातून काँक्रीटचा पूल उभारण्यात आला होता. तेथील पात्र रुंद व वाळूचे. पुरामागून पूर आले आणि जोडरस्ते वाहून गेले. या अनुभवातून शहाणे होऊन अभियंत्यांनी डोम येथील खडकाळ, अरुंद जागा निवडली आणि पात्रात खांबांची रांग न रोवता ते एका झेपेत ओलांडले. निर्णय अचूक होता. परंतु त्याच सुमारास, १९२८ मध्ये, वरच्या अंगाला कूलिज धरण पूर्ण झाले. पुढे १९६० मध्ये पेंटेड रॉक धरण झाले. ज्या पुरासाठी पूल बांधला, तो पूरच अडवला गेला. त्यानंतर रस्ता जवळच्या नव्या पुलावरून वळवण्यात आला.

हे वाचताना मला माझीच एक नस्ती आठवली. जिल्ह्यात असताना एका पुलाच्या अंदाजपत्रकास मी मान्यता दिली होती. महत्तम पूरपातळीचा आकडा जुना होता. त्याच नदीवरील नियोजित धरणाच्या भूसंपादनाची नस्तीही माझ्याच टेबलावर होती. दोन्हींवर मी सह्या केल्या. दोन्ही एकत्र ठेवून मात्र एकदाही वाचल्या नाहीत. तो पूल आजही आहे. उन्हाळ्यात त्याखालून बैलगाड्या जातात.

तथापि पूल व्यर्थ गेला, असा निष्कर्ष घाईचा ठरेल. १९९३ मध्ये पेंटेड रॉक धरण तुडुंब भरून वाहिले आणि गिला पुन्हा युमापर्यंत दुथडी भरून आली. तेव्हाही हा जुना पूल टिकून राहिला. धरण झाले म्हणजे पूर संपला, हेही गृहीतकच होते.

दोष पूल बांधणाऱ्यांचा नाही, धरण बांधणाऱ्यांचाही नाही. नदी एक आणि विभाग अनेक, ही खरी अडचण आहे. म्हणून पुलाच्या प्रस्तावावर सही करण्यापूर्वी एक प्रश्न लेखी विचारावा: वरच्या अंगाला काय चालले आहे? मी तो विचारला नव्हता.